लेकीने मागितली मोठी गोष्ट



या पानावर आपण मुलांच्या अभ्यासाविषयी, फीविषयी, शिष्यवृत्तीच्या अर्जांविषयी पुष्कळ वाचतो. आज आम्ही जरा वेगळे सांगणार आहोत. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी वाचायच्या कादंबऱ्यांविषयी. सुरुवात मात्र आमच्याच चुकीपासून करतो, कारण ती कबूल केल्याशिवाय पुढचे सांगायचा आम्हाला अधिकार नाही.

आम्ही रेल्वेच्या कारशेडमध्ये फिटर. राहणे कल्याण पूर्वेला. घरात आम्ही, आमच्या सौ., म्हातारी आई, थोरला मुलगा आणि धाकटी लेक. दर ६ डिसेंबरला आम्ही सहकुटुंब चैत्यभूमीला जातो. अभिवादन करून बाहेर पडलो की शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आमचे दोन-तीन तास सहज जातात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे भाकरीच्या फडक्याशेजारी पुस्तक बांधून नेताना पाहिली की आमची छाती भरून येते. घरी जाताना आमच्या पिशवीतही चार पुस्तके असतात. बाबासाहेबांचे एखादे भाषण, एखादे चरित्र, पाली सुत्तांचा एखादा अनुवाद.

२०२४ सालच्या ६ डिसेंबरची गोष्ट. लेक तेव्हा सातवीत होती. एका स्टॉलवर तिने विचारले, "काका, माझ्या वयाची कादंबरी आहे का?" स्टॉलवाल्या भाऊंनी मोठ्या आपुलकीने मुलांसाठीचे एक चित्रमय चरित्र पुढे केले. ती म्हणाली, "हे आहे माझ्याकडं. मला गोष्ट पाहिजे. मोठी गोष्ट. चार दिवस पुरेल अशी."

आम्ही रांगेत उभे राहून दमलो होतो. शिवाय चार माणसे बघत होती. आम्ही ओरडलो, "इथं काय गोष्टी वाचायला आलीस? आजचा दिवस काय, ठिकाण काय, काही कळतं का?" पोर गप्प झाली. दादर ते कल्याण एक शब्द बोलली नाही. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

रात्री जेवणे झाली. सौ. भांडी घासता घासता एवढेच म्हणाल्या, "अहो, पोरीनं पुस्तक मागितलं. नेलपॉलिश नाही मागितलं. आणि तुम्ही ओरडलात. तेही आजच्या दिवशी."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

खरे सांगायचे तर ते ओरडणे आमचे नव्हतेच. ते आमच्या वडिलांचे होते. आमचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरचा पगार बंद झाला तो कायमचाच. त्यानंतरची दोन-तीन वर्षे कशी गेली ते ज्यांनी भोगले त्यांना वेगळे सांगायला नको. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. आमच्या चाळीच्या नाक्यावर पुस्तके भाड्याने देणारे एक दुकान होते. तिथून आम्ही बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणायचो. झुंजार, काळापहाड ही आमची दैवते! गणिताच्या पुस्तकात ती चोपडी लपवून वाचताना एकदा वडिलांनी पकडले आणि कानाखाली दिली. म्हणाले, "घरात पीठ नाही आणि तू खुनाच्या गोष्टी वाचतोस?" वडील वाईट नव्हते. पोराने शिकून या नरकातून बाहेर पडावे एवढीच त्यांची तळमळ होती. पण त्या दिवसापासून आमच्या डोक्यात पक्के बसले की वाचायचे ते कामाचे. चरित्र वाचावे, वैचारिक वाचावे, परीक्षेचे वाचावे. कादंबरी म्हणजे नाद. नाद परवडतो त्याने करावा.

चाळीस वर्षांनी तीच कानाखाली आम्ही शब्दांनी आमच्या लेकीला दिली होती.

आणखी एक चूक सांगतो. थोरला बारा वर्षांचा असताना आम्ही मोठ्या अभिमानाने त्याच्या हातात दया पवारांचे 'बलुतं' दिले. १९७८ साली आलेले हे आत्मकथन, मराठी साहित्याला हादरवून सोडणारे. आम्हाला वाटले, पोराला आपला इतिहास कळेल. वीस-पंचवीस पाने वाचून त्याने ते फळीवर ठेवले आणि पुढे दोन वर्षे अवांतर पुस्तकाला हात लावला नाही. आम्ही त्याला आळशी म्हणालो. पुढे अठराव्या वर्षी त्याने तेच पुस्तक एका रात्रीत वाचले आणि सकाळी न बोलता आमच्याजवळ येऊन बसला. पुस्तक तेच, मुलगा तोच. वय चुकले होते आणि ते आम्ही चुकवले होते.

तर त्या ६ डिसेंबरनंतरच्या रविवारी आम्ही लेकीला म्हणालो, "चल, मोठी गोष्ट शोधू." ती पटकन हसली नाही. "नक्की?" एवढेच विचारले. आम्ही म्हणालो, "नक्की."

पहिल्यांदा गेलो एका सार्वजनिक वाचनालयात. तिथे बालविभाग होता, पण कपाटाला कुलूप. चावी मागितली तर उत्तर मिळाले, "मुलं पानं फाडतात हो." काचेतून दिसणारी पुस्तके आमच्या लहानपणाइतकी जुनी. आम्ही परत फिरणार होतो, पण लेक जागची हलेना. ती म्हणाली, "मी इथंच बसून वाचीन, फाडणार नाही." शेवटी कपाट उघडले. वाचकहो, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि त्यांना मिळणारे अनुदान तुमच्या-आमच्या पैशातले आहे. कुलूप दिसले तर चावी मागायची. लाजायचे नाही.

पण कपाट उघडले तरी त्यातले काय घ्यावे हे आम्हाला कुठे ठाऊक? इथे आमची पुतणी उपयोगी पडली. ती मराठी विषय घेऊन बी.ए. करते. तिने काकांना पहिला धडा दिला: "काका, साहित्य अकादमी २०१० पासून दर वर्षी बालसाहित्य पुरस्कार देते. मराठीलाही देते. कधी कवितेला, कधी कथांना, कधी कादंबरीला. नवीन काय आलंय ते कळायचं नसेल तर निदान ती यादी धरून शोधायचं." तिने एका कागदावर कादंबऱ्या तेवढ्या लिहून दिल्या. २०१७ साली ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा'. २०१९ साली सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध'. २०२१ साली संजय वाघ यांची 'जोकर बनला किंगमेकर'. २०२२ साली संगीता बर्वे यांची 'पियूची वही'. २०२४ साली भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला'. तो कागद आम्ही पास ठेवायच्या पाकिटात घातला. अजून तिथेच आहे.

शेवटचे नाव वाचून आम्ही लगेच हरकत घेतली. "भूतबंगला? आपल्या घरात भूत-बित चालणार नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे."

लेक म्हणाली, "पप्पा, आधी वाचा, मग बोला."

सासणे म्हणजे मोठ्यांसाठी लिहिणारे नामवंत कथाकार, २०२२ च्या उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. असा माणूस मुलांसाठी भुताचा बंगला का लिहितो हे पाहू म्हणून आम्ही पुस्तक हातात घेतले. रात्रपाळीहून आलो होतो. म्हटले, चार पाने चाळू आणि झोपू. सौ. चहा घेऊन आल्या तेव्हा उन्हे वर आली होती आणि आम्ही अजून वाचत होतो. बंगल्यात भूत निघाले की नाही ते इथे सांगणार नाही. ज्याचे त्याने शोधावे. पण चाळीस वर्षांपूर्वी गणिताच्या पुस्तकाआड जे सुख सोडून आलो होतो ते त्या सकाळी परत भेटले, एवढे मात्र सांगतो.

'पियूची वही'ने वेगळाच उद्योग केला. पुस्तक संपताच लेकीने वही मागितली. आम्ही म्हटले, शाळेच्या आहेत की. "नाही, माझी पाहिजे." दिली. त्या वहीत ती काय लिहिते ते आम्ही विचारत नाही. आपणही विचारू नये.

नवे शोधताना जुने सोडायचे नाही हेही पुतणीनेच शिकवले. जे मुलाने वाचलेले नाही ते त्याच्यासाठी नवेच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या लेकीला २०१७ च्या सिनेमामुळे नावाने माहीत होता. पुस्तकातला फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून उधळणारा, बारीक अंगाचा, हुशार पोरगा तिला फार आवडला. आजीच्या कानाशी "ट्टॉक्" करून तिने आजीला दचकवले आणि शिव्या खाल्ल्या.

'तोत्तोचान'ने तर आम्हालाच जिंकले. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणाची ही हकीगत १९८१ साली लिहिली. मराठीत ती चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून नॅशनल बुक ट्रस्टने आणली. ही कादंबरी नव्हे, पण कादंबरीसारखीच वाचली जाते. एका शाळेतून काढून टाकलेली खोडकर मुलगी दुसऱ्या शाळेत जाते. ती शाळा भरते रेल्वेच्या जुन्या डब्यांत! लेक धावत आमच्याकडे आली, "पप्पा, तुमच्या कारशेडमधले जुने डबे कुठं जातात?" आम्ही म्हणालो, भंगारात. ती म्हणाली, "भंगारात कशाला? शाळा करा ना." आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आम्हाला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या शाळेत पोलिओ झालेल्या एका मुलाला तोत्तोचान झाडावर चढवते तो भाग लेकीने आईला आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवला. पुढे ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली हे कळल्यावर आजी म्हणाली, "चांगल्याचं असंच असतं." लेक म्हणाली, "पण गोष्ट नाही जळली ना, आजी."

मग आले 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची १९३८ ची कादंबरी, पुलित्झर पुरस्कार मिळालेली. राम पटवर्धनांनी तिचा मराठी अनुवाद केला. पुस्तक जाडजूड. लेकीला झेपेल का म्हणून आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास आळीपाळीने मोठ्याने वाचायचे ठरवले. जंगलाच्या कडेला राहणारे गरीब शेतकरी कुटुंब. आई, बाप, एकुलता मुलगा. बापाला साप चावतो. विष उतरवण्यासाठी एका हरिणीचा जीव घ्यावा लागतो. तिचे पोरके पाडस मुलगा घरी आणतो आणि जीव लावून वाढवतो. पण पाडस मोठे होते आणि घरच्या मक्याचे पीक खाऊ लागते. पीक गेले तर घर उपाशी. आता काय करायचे?

या जागी आमच्या घरात अक्षरशः भांडण झाले. सौ. म्हणाल्या, "आई म्हणते तेच खरं. पोरांच्या तोंडचा घास जातोय." थोरला बापाच्या बाजूने. लेक रडत होती आणि कुणाच्याच बाजूने नव्हती. आम्हाला मात्र १९८२ सालचे आमचे वडील आठवले. पिठाचा रिकामा डबा आणि पोराच्या हातातली गोष्ट. मक्याच्या बाजूने उभा राहणारा बापही आतून तुटत असतो हे आम्हाला त्या रात्री कळले. आमच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली. पण त्या रात्री आमचे त्यांच्याशी मिटले. वाचकहो, कादंबरी हा नाद असेल तर असो. आम्हाला हे कोणत्याही चरित्राने दिले नव्हते.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

शाळेत 'श्यामची आई'तला एक प्रसंग वाचला होता म्हणून लेकीने पूर्ण पुस्तक मागितले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. आपल्या समाजातली एक म्हातारी डोक्यावरची लाकडाची मोळी पडल्यामुळे हतबल होऊन उभी असते आणि श्यामची आई त्याला तिची मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळी हे लिहिणे सोपे नव्हते. याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, हे आम्ही लेकीला सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "गुरुजी चांगलेच होते, पप्पा. पण मला एक सांगा. गोष्टीत आपली माणसं आली की त्यांची मोळीच का पडलेली असते? आपली मुलगी गुप्तहेर का नसते? खजिना का नाही शोधत?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. अजूनही पूर्ण सुचलेले नाही. आपल्या लेखकांनी आत्मकथने लिहिली म्हणून जगाला आपले दुःख कळले. 'बलुतं', 'उपरा', 'जिणं आमुचं', 'आयदान' ही पुस्तके नसती तर आपण मुके राहिलो असतो. पण बारा वर्षांच्या पोरीला दुःखाच्या आधी धाडस हवे असते. आपल्यासारख्या आडनावाची, आपल्यासारख्या वस्तीत राहणारी, पंचशील म्हणून झोपणारी मुलगी रहस्य उलगडते आहे, नदी पोहून जाते आहे, चुकते आहे, हसते आहे, अशी गोष्ट तिला हवी असते. बारक्या पोराला आरशात आधी स्वतःचे तोंड बघायचे असते, जखम नंतर.

पुतणीने त्या वेळी एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगितली. 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'. लेखिका मिल्ड्रेड टेलर, स्वतः कृष्णवर्णीय. पुस्तक १९७६ चे, आणि १९७७ साली मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला न्यूबेरी पुरस्कार त्याला मिळाला. काळ १९३३ चा, ठिकाण मिसिसिपी राज्य. काळ्या मुलांच्या शाळेत पुस्तके वाटली जातात. सगळी जुनी, फाटकी. पुस्तकाच्या आत एक तक्ता असतो. ते कोणत्या साली दिले, त्याची अवस्था काय, घेणारा कोणत्या वंशाचा. पुस्तक चांगले होते तोवर गोऱ्या मुलांना दिलेले, अगदी खराब झाल्यावर काळ्यांना. सहा वर्षांचा एक मुलगा तो तक्ता वाचतो आणि पुस्तक जमिनीवर आपटून पायाखाली तुडवतो. बाई त्याला मारतात. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. ती काय करते? ती त्या तक्त्यावर कागद चिकटवून टाकते.

लेक डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे दुःख पण आहे आणि भांडण पण आहे. अशी पाहिजे." पुतणी म्हणाली, "मग तू लिही." लेक म्हणाली, "आधी वाचू तर दे!" ती आता पुतणीजवळ बसून, शब्दकोश घेऊन, रोज दोन पाने ते इंग्रजी पुस्तक वाचते. इंग्रजीच्या शिकवणीला आम्ही पैसे देत होतो, त्यापेक्षा हे स्वस्त पडले.

घरात असे चालले होते तेव्हा आमच्या मनात आले की हे आपल्या एका घरापुरते का ठेवावे? विहारात एक लोखंडी कपाट रिकामे होते. कमिटीच्या बैठकीत आम्ही विषय काढला. एक ज्येष्ठ म्हणाले, "विहारात कादंबऱ्या? स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवा. पोरं फौजदार होतील." त्यांचे चुकत नव्हते. सहा महिन्यांपूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो.

आम्ही उभे राहून एवढेच सांगितले: "१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा गुरुजींनी आधीच हेरला होता. ते पुस्तक अभ्यासक्रमात नव्हतं. त्यानं एक मार्क वाढणार नव्हता. त्याचं फळ नागपूरला दिसलं १९५६ साली, म्हणजे एकोणपन्नास वर्षांनी. कोणतं पुस्तक कोणत्या पोरात काय पेरील हे आपल्याला आज कसं कळणार?" सभागृहात थोडा वेळ शांतता होती. मग तेच ज्येष्ठ म्हणाले, "अर्धं कपाट फौजदाराला, अर्धं गोष्टींना." तसे ठरले. वर्गणी निघाली. महिला मंडळाने भिशीतून काही रक्कम दिली. आम्ही ओव्हरटाइमचे पैसे घातले.

कपाट सुरू झाले तेव्हा अकरा मुले आली. कपाटात एक वही ठेवली आहे. पुस्तक परत करताना प्रत्येकाने दोन ओळी लिहायच्या: आवडले का, आणि कुणाला द्यावे. मोठ्यांनी त्या वहीत लिहायचे नाही हा नियम लेकीने केला. एक पुस्तक हरवले. एक आले ते हळदीचे डाग घेऊन. पण एक मुलगा आहे, सहावीतला, वर्गात वाचताना अडखळतो म्हणून मुले हसतात. तो फास्टर फेणे घरी नेऊन आंधळ्या आजीला वाचून दाखवतो. आजी हसत नाही, "पुढं काय झालं?" म्हणते. वहीत त्याने लिहिले आहे, "आजीला आवडले. दुसरा भाग द्या." या एका ओळीसाठी आमची सगळी वर्गणी वसूल झाली.

आता आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. नियम म्हणून नाही, आम्ही ठेचा खाल्ल्या म्हणून.

पहिली, पुस्तक घेण्याआधी मुलालाच मधले एक पान वाचू द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी, किंवा आपण मोठ्याने वाचून दाखवायचे.

दुसरी, वय पाहा. नऊ-दहा ते अकरा वर्षांना फास्टर फेणे, तोत्तोचान. बारा-तेराला 'पाडस', व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी', आणि वर सांगितलेली पुरस्काराची यादी. चौदा-पंधराला मिलिंद बोकीलांची २००४ ची 'शाळा' द्यावी. त्या वयात मनात जे चालते ते बापाला सांगता येत नाही, कादंबरी सांगते. आणि त्याच वयात अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची 'फकिरा' जरूर द्यावी. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. आत्मकथने त्यानंतर. घाई करू नये, पण विसरूही नये.

तिसरी, पैसे नसले तरी अडत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके स्वस्त असतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मुलांच्या हातात मोबाइल असतोच, त्यात निदान हे तरी असू द्या.

चौथी, आपण स्वतः वाचा. मुलाला "वाच" म्हणून आपण टीव्ही लावला तर तो काय समजायचे ते समजतो. आणि पुस्तक आवडले नाही असे मूल म्हणाले तर रागावू नका. न आवडण्याचाही त्याला हक्क आहे.

२०२५ च्या ६ डिसेंबरला आम्ही पुन्हा शिवाजी पार्कवर गेलो. लेकीजवळ वहीतून उतरवलेली यादी होती. तीन स्टॉलवर तिने विचारले आणि दोन पुस्तके मिळाली. एका स्टॉलवाल्या भाऊंनी यादीचा फोटो काढून घेतला. म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी या. ठेवतो." आमच्या लेकीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ताई म्हणाले असेल.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही तिला म्हणालो, "गेल्या वर्षी ओरडलो होतो. चुकलं माझं." ती पुस्तकात डोके घालून होती. वर न बघता म्हणाली, "पप्पा, थांबा. आता महत्त्वाचं चाललंय."

आम्ही थांबलो. कल्याण येईपर्यंत.

जयभीम.